देवाची मूठ

गेल्या हिवाळ्यात नांदुऱ्याला एका लग्नाला जाणं झालं. लग्न आटोपलं, परतीची गाडी दुसऱ्या दिवशी संध्याकाळची, आणि मधला अख्खा दिवस पाहुण्यांच्या तावडीत काढायची माझी तयारी नव्हती. "जरा जाऊन येते," एवढंच सांगून वरवट बकालकडे जाणाऱ्या एसटीत बसले. पूर्णेचा पूल ओलांडला आणि आमच्या गावाच्या फाट्यावर उतरले. आमचं गाव हे आपलं सवयीनं म्हणायचं. सात वर्षांची असताना मी तिथं आले आणि तेराव्या वर्षी तिथून गेले. त्यानंतर साठ वर्षांत एकदाही पाय ठेवला नव्हता.

चर्च जागेवर होतं. चर्च होण्याआधी ती इमारत कापसाचं कोठार होती आणि आता ती पुन्हा कोठार झाली आहे. मधली काही वर्षं तिनं देवाला दिली, इतकंच. दाराला कुलूप होतं. मी ओट्यावर टेकले तसा एक तरुण शेतकरी किल्ल्या खुळखुळवत आला.

"कोनाच्या तुमी, मावशी?"

"इथल्या मास्तरांची मुलगी."

"कोन्त्या मास्तराची?"

"तू जन्मायच्या आधीच्या."

त्याला एवढं पुरलं. त्यानं दार उघडलं. आत तुरीची पोती छतापर्यंत रचलेली, कोपऱ्यात फवारणीचे पंप, आणि त्या सगळ्यावर औषधाचा उग्र वास. मी वास घ्यायला म्हणूनच गेले होते बहुतेक, आणि नेमका तोच बदललेला. पण दाराच्या उजव्या हाताला, कमरेच्या उंचीवर, भिंतीतला कोनाडा तसाच होता. त्याच्या तळाला एक गोल खळगा आहे, गुळगुळीत. त्यात औषधाची रिकामी बाटली ठेवलेली होती. मी ती उचलून खाली ठेवली आणि खळग्यात हात घातला. थंडगार लागला.

त्या खळग्यात देवाचं गाडगं असे.

तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं. शाळेचे कागद नागपूरला जात आणि तिकडून आले तर येत. माझे वडील मिशनच्या शाळेत मास्तर होते आणि रविवारी तेच उपदेशक. मंडळी म्हणजे अकरा घरं, सगळी गावकुसाबाहेरची. आम्ही मूळचे नगरकडचे, त्यामुळे आमच्या घरात 'मला' आणि 'तुला' बोलत आणि दाराबाहेर 'मले' आणि 'तुले'. या एका गोष्टीवरून मी स्वतःला फार मोठं समजत असे. घर चर्चला लागूनच होतं. स्वयंपाकघराच्या झरोक्यातून चर्चचं दार आणि दारातून कोनाडा दिसे. माझ्या बालपणाचा बराचसा भाग त्या झरोक्याएवढाच आहे.

पावसाळ्यात भिंती ओल धरत आणि जुन्या सरकीचा तेलकट वास सुटे. वर आढ्यात कुठं कुठं कापूस अडकून राहिलेला होता. मोठ्यानं भजन सुरू झालं की त्याचा एखादा पुंजका सुटून हळूहळू खाली येई, आणि तो कुणाच्या डोक्यावर बसतो याकडं आम्हा मुलांचं सगळं ध्यान. पेटीच्या दोन पट्ट्या मुक्या होत्या. तिथं आवाज यायचा नाही, फक्त भात्याचा श्वास. मंडळीनं त्या दोन जागा सोडून गायची सवय करून घेतली होती. आजही ती भजनं मनात म्हणताना मी त्या जागी थांबते. निंबाला रुळाचा एक तुकडा टांगलेला होता, तीच आमची घंटा. बाबा तो लोखंडी खिळ्यानं वाजवत, शाळेसाठी भराभर आणि उपासनेसाठी सावकाश.

आणि पाणी. पूर्णाकाठच्या त्या पट्ट्यात विहिरींना पाणी आहे, पण खारं. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. प्यायचं पाणी नदीच्या वाळूत झिरा उकरून वाटीवाटीनं भरावं लागे. मी अजूनही पाहुण्याला पाणी देताना पेला काठोकाठ भरत नाही. लोक मला चिक्कू समजतात.

देवाच्या गाडग्याची रीत साधी होती. भाकरीचं पीठ काढताना, किंवा ज्वारी निवडताना, घरातल्या बाईनं एक मूठ देवासाठी बाजूला ठेवायची. घरोघरी त्यासाठी लहान मडकं असे. शनिवारी दुपारी बाया आपापली मडकी आणून चर्चच्या गाडग्यात रिकामी करत. मग ज्याच्या घरी आजारपण असेल, बाळंतीण असेल, त्याच्याकडं ते धान्य बाबा पोचवत. याला सगळे 'देवाची मूठ' म्हणत. शनिवारी मडकं रिकामं करताना कुणाचं किती भरलं आहे हे बाया तिरक्या डोळ्यानं पाहून घेत. आमची आई आमचं मडकं जरा उंचावरून ओते, आवाज व्हावा म्हणून. देव तिला क्षमा करो, मीही तेच केलं असतं.

एकच बाई शनिवारी येत नसे, रोज येई. ती गिरजाबाई.

गिरजाबाई माळ्याची सून. सासरच्यांची नदीकाठी वांग्या-मिरच्यांची वाडी होती. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. ती ख्रिस्ती का झाली, सासरच्यांनी तिला घालवलं की तीच निघाली, हे मला माहीत नाही. मी विचारलं नाही, कारण त्या वयात माणसं कारणांशिवायच येतात. आम्ही गावात गेलो तेव्हा ती चर्चमागच्या खोपटात राहत होती आणि तिच्याकडं एकच मडकं होतं. देवासाठी वेगळं मडकं कुठून आणायचं? म्हणून चूल पेटवण्याआधी ती रोज सकाळी मुठीत ज्वारी घेऊन चर्चपर्यंत चालत येई, गाडग्यात टाके आणि परत जाई. ज्वारीचे दाणे गाडग्यात पडल्याचा तो आवाज, अगदी थोडा. तो आला की आई म्हणे, "गिरजाबाई आली, ऊठ आता."

तिच्या नावाची एक गोष्ट मंडळीत सांगत. बाप्तिस्म्याच्या वेळी आधीच्या उपदेशकांनी तिला नाव बदलायला सांगितलं होतं. गिरजा म्हणजे पार्वती, तेव्हा दुसरं काहीतरी घे, मार्था घे. ती म्हणाली, "काऊन बदलू? तुमच्या देवाच्या घराले गावात गिरजाघर म्हनते. माह्याच नावाचं घर हाय थे. बदलाचं तं आधी घराचं नाव बदला." उपदेशकांनी विषय सोडून दिला.

आमच्या दुसऱ्या की तिसऱ्या हिवाळ्यात बाबांनी दानधर्मावर उपदेश केला. द्यायचं तर असं द्या की उजव्या हातानं काय दिलं ते डाव्याला कळू नये. बाबा छान बोलत. उपदेश ऐकून बायांनी माना डोलावल्या, घरी गेल्या, शनिवारी मडकी घेऊन आल्या, आणि एकमेकींच्या मडक्यांत पूर्वीसारखंच डोकावल्या. गिरजाबाई मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी आली तेव्हा तिचा डावा हात दिसत नव्हता. झरोक्यातून मला वाटलं, हाताला लागलं असेल. तिसऱ्या दिवशीही तसंच. मी पळत बाहेर गेले. तिनं डावा हात मनगटापर्यंत पदरात गुंडाळला होता आणि पदराचं टोक कमरेला घट्ट खोचलं होतं.

"हाताला काय झालं, गिरजाबाई?"

"काही नाही वं."

"मग बांधलाय कशाला?"

तिनं उजव्या मुठीतली ज्वारी गाडग्यात टाकली, मूठ झटकली, मग दारापासून चांगली दहा पावलं लांब येऊन डावा हात सोडला आणि हळू आवाजात म्हणाली, "त्याले कळू नाही म्हनून. तुह्याच बापानं सांगतलं ना?"

मी घरात येऊन पोट धरून हसले. आईही हसली. बाबा हसले नाहीत, पण त्यांनी तिला समजावूनही सांगितलं नाही. का, ते मला अनेक वर्षांनी थोडं थोडं कळत गेलं.

आता गिरजाबाईला काय हवं होतं ते सांगायला पाहिजे. तिला प्रभुभोजनाला बसायचं होतं.

बाप्तिस्मा झाला तरी लगेच प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाची ती पंगत, मिळत नसे. त्यासाठी मिशनच्या पाळकसाहेबांपुढं धर्माची प्रश्नोत्तरं म्हणून दाखवावी लागत, आणि पाळकसाहेब आमच्याकडं वर्षातून एकदा, नाताळानंतरच्या रविवारी येत. नांदुऱ्याला गाडीतून उतरून बैलांच्या दमणीनं पूर्णा ओलांडत. पावसाळ्यात वाट नसे आणि उन्हाळ्यात त्यांची तब्येत नसे. गिरजाबाई दोनदा परीक्षेला उभी राहिली होती आणि दोन्हीदा तिसऱ्या-चौथ्या प्रश्नाला अडली होती. म्हणून आमच्या चौथ्या वर्षी बाबांनी मला सांगितलं, तिला तू शिकव. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची असेन. सगळी प्रश्नोत्तरं मला पाठ होती. नम्रतेवरच्या प्रश्नाचं उत्तर तर माझ्याइतकं स्वच्छ कुणीच म्हणत नसे, आणि मी ते मान ताठ करून म्हणे.

ओट्यावर शिकवणी चाले. माझ्या हातात ज्वारीचं धांडं, तिच्या पुढ्यात निवडायच्या शेंगा.

"नम्रता म्हणजे काय?"

"नम्रता म्हंजे..." ती विचार करी. "खाली बसनं."

"चूक. आपणांस इतरांहून..."

"चूक कशी? उभं राहून कोनी नम्र होते का वं?"

मी धांडं आपटी. ती हसे आणि माझ्यामागून ते लांबलचक वाक्य म्हणू लागे. अर्ध्यावर तिची जीभ 'मले' आणि 'त्याले' कडं वळे की मी पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावी. एकदा मी वैतागून विचारलं की एवढा अट्टहास कशाला? उपासनेला तर येताच ना तुम्ही, गाता, प्रार्थना करता.

तिनं शेंगा निवडायचं थांबवलं नाही. म्हणाली, "सहा साल झाले, मी भिंतीकडं तोंड करून जेवतो. सासरी माहं ताट बाद झालं. इथं बाया म्हनते, माळ्याची हाय थे, आपल्यात जेवन का? मी म्हनतो, बलावल्याबिगर कशी जाऊ? सहा साल मले कोनी 'घे आनिक' नाही म्हनलं." मग एक शेंग सोलत, "थ्या दिवशी सारे एका पंगतीत बसते ना वं? एकाच ताटातलं घेते."

मी तिला सांगितलं की तिथं पोट भरायला नसतं, एवढासा तुकडा असतो, आणि 'आणखी घे' तर तिथंही कुणी म्हणत नाही. ती म्हणाली, "नसू दे."

आमची आई तिला वाटीतून कालवण देत असे. ती ते घरी नेऊन खाई. "इथंच बस" म्हणायचं आमच्यापैकी कुणाला सुचलं नाही, हे मला आता सुचतं.

त्या वर्षी तिची तयारी पक्की होती. परीक्षेच्या आदल्या दिवशी ती पहाटे नदीवर गेली आणि झिऱ्याचं गोड पाणी घेऊन आली. प्रभुभोजनासाठी द्राक्षारस आमच्या गावात कुठला मिळायला! आई काळ्या मनुका गोड पाण्यात भिजवून कुस्करून गाळून घेई, आणि भाकरीऐवजी गव्हाच्या पोळीचे तुकडे. मनुकांचा तो आंबूस-गोड वास घरभर पसरला होता. गिरजाबाईनं घागर उतरवली, मनुकांच्या भांड्यात वाकून पाहिलं, आणि गेली.

सकाळी पाळकसाहेब खुर्चीवर, मंडळी सतरंजीवर, आणि गिरजाबाई मधोमध उभी. पाळकसाहेब वाईट माणूस नव्हते. गुडघे दुखत तरी दरवर्षी येत. त्यांनी एकेक प्रश्न विचारला आणि तिनं एकेक उत्तर दिलं. 'मले' दोनदाच आलं. नम्रतेचं वाक्य तर ती एका दमात म्हणाली आणि माझ्याकडं पाहिलं. बाबांचा चेहरा सैल झाला. पाळकसाहेब हसून म्हणाले, "छान! कोणी शिकवलं?"

बाबांनी माझ्याकडं बोट दाखवलं. पाळकसाहेबांनी मला पुढं बोलावलं, पाठीवर हात ठेवला आणि सगळ्यांसमोर शाबासकी दिली. तिथंच मी बसायला हवं होतं. पण शाबासकी अंगात आली की मला राहवत नसे, आणि पाळकसाहेबांना आणखी हसवावं असं वाटलं.

"साहेब, गिरजाबाईंची एक गंमत सांगू?" मी म्हणाले. आणि सांगितली. नुसती सांगितली नाही, करून दाखवली. परकराचा घोळ डाव्या हाताला गुंडाळला, ती चालते तशी पाय जरा फेकत कोनाड्यापर्यंत गेले, मूठ सोडली, मग दहा पावलं मोजत परत आले आणि "त्याले कळू नाही म्हनून" हे तिच्याच आवाजात म्हटलं. मंडळी हसली. बाया तर तोंडाला पदर लावून गदगदल्या. पाळकसाहेबही हसले. हसता हसता थांबले.

"हे खरं आहे का, बाई?"

"हाव, साहेब," गिरजाबाई म्हणाली. "सांगतलं हाय ना तसं?"

पाळकसाहेब बाबांकडं वळून बोलले, अगदी सौम्यपणे. देणं गुप्त असावं असा त्याचा अर्थ, हात झाकावा असा नव्हे. शब्द पाठ झाले आहेत, पण अर्थ पोचलेला नाही. आणि अर्थ न कळता भोजनाला बसवणं म्हणजे तिच्यावरच अन्याय. पुढच्या वर्षी पाहू. बाबांनी तोंड उघडलं आणि मिटलं.

गिरजाबाई खाली बसली.

भोजन झालं. मोठी माणसं पुढं ओळीनं, आणि ज्यांना घ्यायचं नाही ती मुलं मागं, दाराशी. गिरजाबाई आमच्या ओळीत येऊन बसली, माझ्या शेजारीच, कारण जागा तिथंच होती. ताट पुढून फिरत गेलं. ती ताटाकडं पाहत नव्हती, जेवणाऱ्यांच्या तोंडांकडं पाहत होती. तिच्या पाण्यातल्या मनुकांचा वास आमच्यापर्यंत येत होता. मला पळून जावंसं वाटलं. आयुष्यात पुढं मी बऱ्याच चुका केल्या, काही याहून मोठ्या, पण लाज म्हणजे काय हे मला त्या दारातल्या जागेवर कळलं. उपासना संपल्यावर ताट आणि पेले तिनंच राखेनं घासले.

दुसऱ्या दिवशी मी आईनं उठवायच्या आधीच जागी होते. दाण्यांचा आवाज येतो का, ऐकत पडले. आला. मी झरोक्याशी गेले. वाटलं, आज तरी तिनं ते पदराचं सोडलं असेल. नव्हतं सोडलं. डावा हात मनगटापर्यंत गुंडाळलेला, टोक कमरेला खोचलेलं.

मी तिला चुकवू लागले. आठ-पंधरा दिवस गेले आणि तीच ओट्यावर येऊन बसली.

"काऊन वं, शिकवनं बंद का?"

"तुम्हाला सगळं येतं की आता."

"अर्थ नाही येत म्हनते ना साहेब. अर्थ शिकव."

अकरा वर्षांच्या मुलीनं अर्थ कुठून शिकवायचा? मी धांडं घेऊन पुन्हा तीच प्रश्नोत्तरं घेऊ लागले. उन्हाळ्यात तिच्याबरोबर नदीवर जाऊ लागले. वाळू उकरली की झिऱ्यात पाणी लगेच येत नाही. तळ आधी काळा पडतो, मग चमकतो, मग वाटी बुडेल इतकं साचतं. तोपर्यंत बसून राहायचं. तेवढ्या वेळात मला किती वेळा म्हणावंसं वाटलं, गिरजाबाई, माझं चुकलं. शब्द तोंडापर्यंत येत. नगरच्या शुद्ध मराठीत, पूर्ण वाक्य तयार. पण माफी मागायची तर जरा खाली बसावं लागतं, आणि मी शेजारी बसलेली असूनही बसलेली नव्हते. ती वाटीनं पाणी भरत राही आणि सासरच्या वाडीतल्या मिरच्यांविषयी बोले. त्या दिवसाविषयी एक अक्षर नाही.

पाऊस गेला, कापूस निघाला, नाताळ झाला. पाळकसाहेब आले. गिरजाबाईनं आदल्या दिवशी पाणी आणलं. सकाळी ती पुन्हा मधोमध उभी राहिली. मी या वेळी दाराबाहेर, निंबाखाली उभी होते, आत यायची हिंमत नव्हती. आतलं सगळं ऐकू येत होतं.

पाळकसाहेबांनी पाठांतर विचारलंच नाही. म्हणाले, "बाई, मागच्या वर्षी हाताचं बोलणं झालं होतं. आता त्याचा अर्थ कळला का?"

"हाव, साहेब. थे मनाचं हाय. देल्लं ते मनानं मिरवू नाही."

"बरोबर. अगदी बरोबर. मग आता हात झाकत नाही ना?"

"झाकतो ना."

मंडळीत कुणीतरी हसलं. गेलं हेही वर्ष, मला वाटलं.

"का बरं?" पाळकसाहेबांनी विचारलं.

गिरजाबाईचं हे उत्तर कुणी तिच्याकडून पाठ करून घेतलेलं नव्हतं.

"साहेब, मन लय हुशार हाय. आपन गुपचूप देल्लं तं थे म्हनते, पाहा, मी कसं गुपचूप देल्लं. त्याले झाकाले पदर मी कोठून आनू? हात गरीब हाय, थो आयकते. म्हनून त्यालेच झाकतो. त्याले पाहून कदी मन बी आयकंन."

पेटीचा भाता कुणाच्या तरी कोपरानं दाबला गेला आणि मुक्या पट्टीतून हवा सुटली. मी दारातून डोकावले तेव्हा पाळकसाहेब चष्मा पुसत होते. मग बाबांना म्हणाले, "मास्तर, यांना पुढं बसवा."

ती पहिल्या ओळीत बसली. डाव्या बाजूला पाटलाच्या मळ्यात राबणारी सगुणाबाई, उजव्या बाजूला माझी आई. ताट आलं. मी दारातून पाहत होते. गिरजाबाईनं डाव्या हातावरचा पदर सोडला, दोन्ही हात एकमेकांलगत धरले आणि ओंजळ पुढं केली. तुकडा घेतला. शेजारी बसलेल्या सगुणाबाईकडं एकदा पाहिलं, आईकडं एकदा पाहिलं, आणि मग खाल्ला. फार सावकाश खाल्ला. एवढाशा तुकड्याला तेवढा वेळ लागत नाही.

नंतर भांडी घासताना मी तिच्याजवळ गेले. माफी मागायलाच गेले होते. तोंडातून भलतंच आलं.

"दोन्ही हात का पुढं केलेत? बाकीच्यांनी एकच केला."

"देताना कळू नाही म्हनलं हाय," ती राख चोळत म्हणाली. "घेताना कायले लपवू?"

त्या दिवशी आईनं तिला पहिल्यांदा जेवायला थांबवून घेतलं. वांग्याची भाजी होती. आई "घ्या आणखी" म्हणाली, आणि गिरजाबाईनं तिच्याकडं अशा काही नजरेनं पाहिलं की आईनं न विचारताच दुसऱ्यांदा वाढलं.

हे सगळं मी त्या तरुण शेतकऱ्याला सांगितलं नाही. त्यानं विचारलं होतं, "काय होतं इथं, मावशी?" मी म्हटलं, "गाडगं." तो म्हणाला, "मोठं होतं का?" मी म्हटलं, "नाही, लहानच." त्यानं बाटली उचलून पुन्हा खळग्यात ठेवली. त्याची ती रोजची जागा असावी. निघताना काय वाटलं कोण जाणे, एका फुटक्या पोत्यातून त्यानं ओंजळभर तूर काढली. "घेऊन जा, आपल्या गावची हाय." मी पिशवी खाली ठेवली आणि दोन्ही हात पुढं केले.

एसटीला वेळ होता. फाट्यावर बसून मी ती तूर रुमालात बांधली आणि जी गोष्ट आठवायची मी साठ वर्षं टाळत आले ती आठवली.

तेराव्या वर्षी मला नगरच्या बोर्डिंगात पाठवायचं ठरलं. सकाळी बैलगाडी दारात उभी होती. गिरजाबाईची त्या दिवसाची मूठ केव्हाच गाडग्यात पडली होती. ट्रंक चढवली, आई डोळे पुसत होती, बाबा बैलांना उगीच काहीबाही बोलत होते. अकरा घरांतली माणसं ओट्यावर जमलेली. गिरजाबाई गाडीच्या चाकाशी येऊन उभी राहिली. मला कळलं की आता नाही तर मग कधीच नाही. मी वाकले आणि तिच्या कानाशी एका दमात बोलले. गिरजाबाई, मी तुम्हाला हसले होते, सगळ्यांसमोर तुमची नक्कल केली होती, माझ्यामुळं तुमचं एक वर्ष गेलं, मला माफ करा.

तिनं माझ्याकडं पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर काहीसुद्धा हललं नाही.

"कवा वं?" ती म्हणाली. "मले तं काही आठवत नाही."

आणि उजवा हात माझ्या डोक्यावर ठेवला. गाडी सुटली. बैलांच्या घुंगरांत मला हायसं वाटलं, आणि थोडं वाईटही. इतके दिवस मी जे उरावर घेऊन हिंडले, ते हिच्या लक्षातसुद्धा नाही! निंबाच्या वळणावर मी मागं वळून पाहिलं. ती अजून तिथंच उभी होती, उजवा हात हलवत. डावा हात पदरात होता, मनगटापर्यंत गुंडाळलेला, आणि पदराचं टोक कमरेला घट्ट खोचलेलं.